तहानलेली आर्थिंग

गेल्या सोमवारी सकाळी जळकोटच्या घरी फ्रिजनं बायकोला असा झटका दिला, की तिच्या हातातलं पातेलं थेट दारापर्यंत गेलं. जीव वाचला, पण खांदा दिवसभर दुखत होता.

फ्रिज बंदच करून टाकला असता. पण त्यात आमच्या नऊ वर्षांच्या शिवानीचं इन्सुलिन असतं. या उन्हात ते बाहेर ठेवलं की वाया... माठात ठेवा म्हणतात, पण माठ ओला ठेवायलाही पाणीच लागतं.

वायरमन रशीदभाई आले. मेनचा फ्यूज काढून बघितला, सॉकेट उघडलं. मी जरा ताठ्यात उभा. आमच्या गल्लीत फ्यूज उडाला की लोक हाताला लागेल ती जाड तार गुंडाळतात. मी पडलो विज्ञानाचा मास्तर... फ्यूजला बारीक तार, वायरीला पाइप, तीन पिनचा प्लग, सगळं नियमानं.

"सर, फ्यूज बराबर हाय, सॉकेट बराबर हाय. फ्रिजमधून करंट लीक होऊन राहिला, त्यो जमिनीत जायला पायजे. पण तुमची आर्थिंगच प्यासी हाय."

मागच्या अंगणातल्या आर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण काढलं, तर आत नुसती भेगाळलेली माती. फ्रिजचा पार्ट उदगीरहून यायला दोन आठवडे. तोवर खड्ड्यात रोज थोडं तरी पाणी ओता, माती ओली असली तरच करंट खाली उतरतो, म्हणाले.

ओता! टँकर आठ दिवसांनी येतो. भांड्या-कपड्यांचं पाणी आधीच संडासाला लागतं. बायको त्यांच्याकडे बघून हसली आणि हसता हसता तिला रडूच आलं.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचे वडील म्हणायचे, आता कचेरी जवळ आली, पाणीपण येईल. कचेरी आली.

तोडगा काढला माझ्या आईनं. आई सत्त्याहत्तर वर्षांची. आंघोळीशिवाय इष्टलिंगाची पूजा नाही आणि पूजेशिवाय चहा नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तिनं खड्ड्याशेजारी फरशी टाकायला लावली, आडोशाला दोरीवर जुनं लुगडं बांधलं. तिच्या आंघोळीचं अर्धी बादली पाणी रोज खड्ड्यात मुरायला लागलं. तेवढा वेळ मी मेन बंद करायचो आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचो.

चार-पाच दिवस बरे गेले. रशीदभाईंनी येता-जाता टेस्टर लावून बघितला, फ्रिज शांत होता. मग शनिवारी टँकर आलाच नाही...

काल सकाळी आई दोन मिनिटांत लुगड्यामागून बाहेर आली. केस कोरडे, अंगावर आदल्या दिवशीचंच पातळ. घरात जे तांब्याभर वापरायचं पाणी उरलं होतं, ते तिनं तसंच्या तसं खड्ड्यात ओतलं होतं.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "लिंगाला चालतंय रे पारोसं. लेकराला झटका न्हाई चालत."

आणि तशीच पूजेला बसली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच पारोशी. तिनं विभूती लावायला घेतली, ते मला बघवलं नाही... मी उठून बाहेर गेलो.

'करंट जमिनीत जातो' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. जमीनच कोरडी पडली तर काय, असं कुठल्या पोरानं कधी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

उद्या टँकर येईल म्हणतात. नाही आला, तर आई पुढे काय सोडेल ते मला ठाऊक आहे. आधी चहा. मग प्यायचं पाणी.

आई, तुझ्या पाया पडायचीसुद्धा लाज वाटते गं मला...