गार व्हायच्या आत

"खा, गार व्हायच्या आत," असं म्हणत मावशी आमच्या ताटात भाकरी टाकायच्या. टाकायच्या म्हणजे अक्षरशः टाकायच्या. शेगडी स्वयंपाकघराच्या दारातच होती. उठायला सवड नसायची, म्हणून बसल्या जागेवरून दोन बोटांनी उडवलेली भाकरी ज्याचं ताट रिकामं त्याच्याच ताटात बरोबर पडायची.

तुमच्यापैकी कुणी शिकायला परगावी राहिलं असेल, तर अशी एखादी मावशी तुम्हालाही माहीत असेल. आमच्या मावशींची खानावळ क्रांती चौकामागच्या गल्लीत, त्यांच्या राहत्या घरातच होती. तिथे नियम एकच, गार भाकरी कुणाला वाढायची नाही. उशिरा येणाऱ्यासाठी तवा पुन्हा तापायचा आणि भाकरीबरोबर एक शिवीही मिळायची. त्या स्वतः कधी जेवतात, हा प्रश्न मला चार वर्षांत पडला नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे ते.

पुढे मला नोकरी याच शहरात लागली. भाकऱ्या थापून थापून मावशींचा खांदा धरला आणि खानावळ बंद झाली. मी दिवाळीला जाऊन पाया पडून यायचो, तेवढाच काय तो संबंध उरला.

मागच्या वर्षी बायको सिल्लोडला माहेरी गेली होती. मला साधा कुकर लावता येत नाही. दोन दिवस वडापाववर काढले आणि तिसऱ्या संध्याकाळी, ऑफिसातली मुलं फार वाखाणत होती त्या जपानी सुशीच्या हॉटेलात एकटाच शिरलो. काउंटरपाशी उंच स्टुलावर, चपला खाली काढून, मावशी बसल्या होत्या. एकट्याच.

"मावशी, तुम्ही इथं?"

"का? मी जेवू नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "बस. दर गुरुवारी येती मी."

समोर दार्जिलिंगकडचा एक प्रौढ आचारी उभा होता. ओल्या तळहातावर भात घेऊन त्याचा छोटा मुटका वळायचा, वर काकडीचा काप ठेवायचा आणि मावशींच्या पुढ्यात सरकवायचा. कच्चा मासा नको, हे त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं. जेवायच्या काड्या त्यांनी बाजूला सारल्या होत्या. "हाथ से ही खाओ अम्मा, वही सही है," असं आचारीच म्हणाला.

त्यांचं बघून मीही एक मुटका उचलला. वर वसाबीची हिरवी तिखट चटणी जास्त लागली आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"माझ्याकडं ठेचा खाल्लेला ना तू?" पाण्याचा ग्लास माझ्याकडे ढकलत त्या म्हणाल्या.

मी जरा चिडूनच विचारलं, "तुम्हाला ह्यात काय आवडतं? गार भात नुसता."

"गार नाय रं. हाताची ऊब असती त्याला." त्या आचाऱ्याच्या हातांकडे बघत राहिल्या. "एक करतो, समोर ठेवतो. मी खाईस्तोवर थांबतो, मंग दुसरा करतो. माझ्यासाठी असं कुनी केलं नाय बघ. लगीन झाल्यापासनं भाकऱ्या मी करायच्या आन् शेवटची गारढोण मीच खायची. तव्यावरची कशी लागती, इसरले मी."

आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी पुढचा मुटका तोंडात टाकलासुद्धा. मी माझी ताटली बाजूला सारली.

"मावशी, मी करून वाढतो तुम्हाला भाकरी. तुमच्याच घरी, तुमच्याच तव्यावर."

"येती का तुला?"

"शिकतो."

"शिक बाबा. मी हाय की."

बायको परत आल्यावर मी शिकायला लागलो. परातीतून उचलली की भाकरीचे तुकडे हातात यायचे. अधूनमधून गुरुवारी हॉटेलात जायचो. "जमली का?" मावशी विचारायच्या. काठ चिरतात म्हटलं की म्हणायच्या, "पीठ मळायचं असतं, नुसतं कालवायचं नसतं." पुढे बरी जमू लागली, तरी त्यांच्या घरी जायचे ठरलेले दोन रविवार मीच पुढे ढकलले. एकदा ऑफिसचं काम निघालं, एकदा घरी पाहुणे आले. मावशी "बरं" म्हणाल्या.

शेवटी एक भाकरी टम्म फुगली. ती बायकोने ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ली. मी लगेच मावशींना फोन केला, "ह्या रविवारी नक्की. तुम्ही फक्त बसायचं."

"बसते की," त्या म्हणाल्या. "पीठ ताजं दळून आनते."

शनिवारी शेजारणीचा फोन आला. मावशी सकाळी उठल्याच नाहीत.

स्मशानातून आम्ही खानावळीतली सहा-सात जुनी मुलं त्यांच्या घरी परतलो. मी स्वयंपाकघरात गेलो. ज्वारीच्या पिठाचा डबा भरलेला होता. परात घासून पालथी घातली होती. आणि शेगडीसमोर एक पाट मांडलेला होता. चार वर्षांत त्या जागी मी पाट कधी पाहिला नव्हता.

माझा हात तव्याकडे गेला. शेजारीण दारातून म्हणाली, "भाऊ, आज ह्या घरात चूल पेटवायची नसती."

शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली, फडक्यात बांधलेली. आम्ही पूर्वीसारखेच भिंतीला टेकून ओळीने बसलो. मावशींच्या घरात गार भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली.