एका कादंबरीच्या शेवटाबाबत खुलासा

लोणखेड्यात माझ्या इंग्रजीच्या सरांचं घर आहे. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मीही वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन शहाद्याला परतलो होतो. दिवाळीनंतर त्यांनी बोलावलं आणि चहा येण्याआधीच विषय काढला.

"मला एक पुस्तक वाचून दाखवशील?"

त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. समोर माणूस बसलाय एवढं त्यांना कळे. चेहरा कळत नसे, छापील अक्षर तर मुळीच नाही. पुस्तक मी पाहताच ओळखलं. व्हिक्टोरियन काळातली ही इंग्रजी कादंबरी आम्हाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्राचीन ग्रीसमधल्या एका बंदरात एक तरुण राहतो. कसं जगावं हे विचारत तो एका गुरूकडून दुसऱ्याकडे जातो. घटना जवळपास नाहीत. वाक्यं अर्ध्या अर्ध्या पानाची, आणि त्यांत संगमरवर, बागा, धूप.

"तू गाईड वाचून पेपर लिहिला होतास," सर म्हणाले.

"सगळ्यांनीच, सर."

"मी गाईड वाचून शिकवलं."

हे त्यांनी हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं. दर मे महिन्यात ते पुस्तक उघडायचे आणि चाळीसेक पानांनंतर मिटायचे. "नोकरीत असेपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं. एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकू दे. म्हणजे मी ही कादंबरी शिकवली असं मला म्हणता येईल."

मी होकार दिला. वाचन ही माझ्यासाठी अवघड गोष्ट नव्हती.

रोज चार वाजता मी ओट्यावर खुर्ची घेऊन बसायचो. समोरच्या रस्त्याने पपईच्या गाड्या जायच्या. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दाराशी सूप घेऊन बसायच्या. त्यांना इंग्रजी येत नसे, पण सर अधूनमधून गोष्ट सांगत.

"तो पोऱ्या आजून बागमाच बसेल शे का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"हां," सर म्हणाले.

"त्याले कामधंदा नही का?"

"विचार करी ऱ्हायना तो."

"तुम्हीन बी तेच करी ऱ्हायनात," काकू म्हणाल्या आणि तांदूळ पाखडू लागल्या.

डेस्कवर माझी ख्याती कापण्यासाठी होती. कुठलीही बातमी दिलेल्या जागेत बसवायची, आणि काही गेलं आहे हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. ही सवय वाचतानाही सुटली नाही. माझा डोळा जिभेच्या दोन ओळी पुढे असे. कर्ता घ्यायचा, क्रियापद घ्यायचं, मधली विशेषणं आणि पोटवाक्यं सोडायची. सरांना फसवण्याचा हेतू नव्हता. वयस्क माणसाचा वेळ वाचतोय आणि अर्थ तर पूर्ण पोचतोय, याची मला खात्री होती.

दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पुस्तक सरांच्या मांडीवर होतं. खुणेसाठी आम्ही त्यात एक लाल धागा ठेवत असू. धाग्याच्या दोन्ही बाजूंची पानं ते अंगठ्याने चाचपत होते.

"पाव पुस्तक झालं," ते म्हणाले. "आठ बैठकांत. या लेखकाचं?"

मी त्यांच्या मांडीवरून पुस्तक उचललं.

"कालचं शेवटचं वाक्य परत वाच. अक्षरन् अक्षर."

काल मी वाचलेलं वाक्य साधारण असं होतं: तो पायरीवर बसला आणि त्याला भीती वाटली. पूर्ण वाक्य सतरा ओळींचं निघालं. त्यात पायरी होती, पायरीवरची सावली होती, ती सावली टाकणारं डाळिंबाचं झाड होतं आणि ते झाड लावणारा बाप होता. झाड फळांनी वाकलं होतं, बाप राहिला नव्हता. मग शेवटी भीती. कुठल्याही बातमीत "का" हा प्रश्न कोण, काय, कुठे, कधी यांच्या जोडीने येतो. मी नेमका तोच कापला होता.

"गाईड तर माझ्याकडे होतंच," सर म्हणाले. "त्यासाठी तुला शहाद्याहून कशाला बोलावू?"

मी धागा काढून पहिल्या पानावर ठेवला.

दुसऱ्या वेळेस चार महिने लागले. मी ओळीखाली बोट ठेवून वाचलं, प्राथमिक शाळेतल्यासारखं. सुरुवातीला जीभ अडखळे. पुढे पुढे लांब वाक्यात कुठे श्वास घ्यायचा ते कळू लागलं. सर मध्ये थांबवून एखादा शब्द परत मागत. चाळिसावं पान ओलांडलं त्या दिवशी त्यांनी काकूंना शिरा करायला सांगितला.

शेवटचं प्रकरण मार्चमध्ये आलं. गाईडमध्ये शेवट एका ओळीत होता: नायक अखेर आपल्या गुरूसोबत जहाजाने जातो. सरांनी तो वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आणि आम्ही वह्यांत उतरवला. पुस्तकात त्या जागी पाऊण पानाचं एकच वाक्य आहे. त्यात दोर, शीड, पाण्याचा रंग, गुरूचा पुढे आलेला हात. वाक्याच्या मध्यावर तरुण जहाजावर चढायच्या फळीवर पाय ठेवतो. शेवटच्या ओळीत तो पाय मागे घेतो. जहाज जातं, तो धक्क्यावर राहतो. गाईड लिहिणाऱ्याने ते वाक्य अर्ध्यावर सोडलं असावं. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याची सवय ओळखतो.

सरांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं.

"गया का तो मंग?" काकूंनी विचारलं.

"नही गया."

"मंग इतलं कसाले वाचं?"

सर हसले. त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "तुमच्या पेपरात चूक गेली तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो. आतल्या पानावर, लहान चौकटीत."

"मग छाप. नाव टाकू नकोस. चूक टाक."

त्यानुसार: बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला या सरांकडे ही कादंबरी शिकलेल्यांनी नोंद घ्यावी. नायक गुरूसोबत गेला, असं वर्गात सांगण्यात आलं होतं. ते बरोबर नाही. तो गेला नाही. सरांनी आता कादंबरी पूर्ण वाचली आहे.