भुताचा डावा पाय

आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात शहाणा प्रेक्षक म्हणजे आठ कॅमेरे. खोकत नाहीत, मोबाइल वाजू देत नाहीत, मध्यंतरात वडा खायला गेले की तिसरी घंटा झाल्यावर पाय तुडवत परत येत नाहीत. परळच्या एका रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर, लांबट खोलीच्या भिंतींवर ते टांगलेले होते. आणि त्यांच्यासमोर मी. पन्नाशी ओलांडलेला, अर्ध्या चड्डीतला, अंगभर चमकणाऱ्या गोळ्या चिकटवलेला हौशी नट.

"काका, रोज चालता तसंच चाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा. तीस वर्षं लालबागच्या मंडळाच्या नाटकांत कामं केलेल्या माणसाला कोणी बघत असताना रोजच्यासारखं चालता येईल? मी खांदे मागे घेतले, हनुवटी उचलली आणि दरबारात प्रवेश करावा तसा त्या पांढऱ्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. शेवटी किंचित वळलो सुद्धा. डॉक्टरबाईंनी संगणकाकडे बघून भुवया उंचावल्या.

"वा! इतकी सुंदर चाल आत्तापर्यंत कोणाचीच आली नाही."

मी मान झुकवली. सवय.

थोडी मागची गोष्ट सांगतो. शिवडीला एका गोदामात मी माल उतरवून घेण्याच्या नोंदी करत असे. मागे येणाऱ्या टेम्पोला मी दिसलो नाही आणि मला टेम्पो. डावा पाय गुडघ्याच्या खालून गेला. त्यानंतर दोन वर्षं मी एका जड रबरी पायावर काढली. प्रामाणिक पाय होता बिचारा, पण आमच्या चाळीचे तीन जिने चढताना तो मला नेत नसे, मी त्याला नेत असे. मग या डॉक्टरबाई भेटल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, दादरच्या, कृत्रिम पायांवर संशोधन करणाऱ्या. त्यांच्याकडे एक नवा पाय होता. पातळ पट्ट्यांचा, हलका, टाच टेकली की पुढे ढकलणारा. तो आमच्यासारख्या काही जणांना तीन महिने वापरायला द्यायचा, महिन्यातून एकदा कॅमेऱ्यांसमोर चालवायचं आणि घरी एक वही लिहायला द्यायची, असा बेत. ज्याला पाय मानवेल त्याच्याकडे तो राहणार. पण जो पडेल त्याचा पाय लगेच परत, कारण कोणाचं हाड मोडून संशोधन करायचं नसतं.

पाय मला हवाच होता, आणि कारण जिने नव्हते. कारण होतं भूत.

आमच्या मंडळाचा दिग्दर्शक माझा बालमित्र, समोरच्याच चाळीतला, मूळचा मालवणकडचा. अपघातानंतर त्याने मला एकदाही काम दिलं नव्हतं. प्रॉम्प्टिंगला बसवायचा. विंगेत अंधारात बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणं म्हणजे काय यातना असतात, ते नटालाच विचारा. नवा पाय लावून मी त्याच्यासमोर गॅलरीत तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा तो तंबाखू मळता मळता थांबला.

"काठीशिवाय?"

"काठीशिवाय."

"मग नव्या नाटकातल्या बापाचं भूत कर. तीन प्रवेश. बोलायचं कमी, यायचं जास्त. भुताचे पाय तसे पण उलटे असतात. तुझा सुटा आहे. लोकांना समजावता येईल."

मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "मेल्या, तंबाखू सांडली."

तर आता खरी गोची. नवा पाय रस्त्यावर राजा होता आणि घरात गुलाम. संशोधनात सगळ्यांची तुलना सारखी व्हावी म्हणून आम्हा सर्वांना एकाच प्रकारचे पांढरे बूट दिले होते आणि पायाची उंची, कोन, सगळं त्या बुटांच्या टाचेवर बेतून घट्ट केलेलं होतं. बुटात पाय झकास. पण आपल्याकडे दाराशी आलं की बूट काढतात! बूट काढला की टाच खाली जाई, नडगी मागे झुके, गुडघा मागच्या बाजूला ताणला जाई आणि कोणीतरी छातीवर हात ठेवून मला मागे रेटतंय असं वाटे. घरात मी कपाट धरून टेबलापर्यंत, टेबल धरून ओट्यापर्यंत, असा प्रवास करत असे.

"रस्त्यावर मिरवणुकीत चालल्यासारखे चालता," बायको म्हणाली, "आणि घरात शिरलात की चोरासारखे भिंतीला लागून. काय प्रकार आहे?"

"सवय होतेय."

"सवय? परवा पिठाच्या डब्यावर बसलात, ती सवय?"

बसलो नव्हतो, पडलो होतो. डब्याचं झाकण आत गेलं ते आजही बाहेर आलेलं नाही. पण वहीत मी लिहिलं, "अडखळलो नाही. पडलो नाही." वहीत रकाने होते सपाट रस्ता, जिना, चढ, गर्दी. स्वयंपाकघराला रकानाच नव्हता. मी माझ्या मनाची अशी समजूत घालून घेतली की जे विचारलेलंच नाही त्याचं उत्तर देणं हा आगाऊपणा. बायको वही वाचून म्हणाली, "तुमचं अक्षर छान आहे. एवढंच खरं आहे त्यात."

तालमी मंडळाच्या खोलीत होत, बूट दाराबाहेर काढून, आणि तिथेही मी कडेकडेने, भिंतीच्या आधाराने चालत असे. भूत भिंतीला लागून चालतं हे दिग्दर्शकाला अभिनयाचा भाग वाटला. मी तसं वाटू दिलं. मग प्रयोगाच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी सकाळी, गिरगावातल्या एका लहानशा नाट्यगृहात रंगीत तालीम ठरली आणि मला अवदसा आठवली. मी डॉक्टरबाईंना बोलावलं. म्हटलं, बघू देत त्यांच्या पायाची करामत.

त्या आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी माझी बायको, मांडीवर थालीपिठांचा डबा. मी विंगेत उभा. पांढरा सदरा, धोतर, तोंडाला पावडर. आणि मग मी तेच केलं जे आमच्यातला प्रत्येक नट करतो, ज्याचा विचारही कोणी करत नाही. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी बूट काढून कडेला ठेवले, वाकून फळ्यांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि निघालो.

मोकळा रंगमंच. भिंत नाही, कपाट नाही, ओटा नाही. पहिलं पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्याला गुडघा मागे गेला, हात हवेत गेले आणि मुलाला शाप द्यायला आलेलं बापाचं भूत नाटकातल्या मुलाच्याच पायाशी धप्पकन बसलं.

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही. "मेल्या, भूत कधी पडता काय?"

डॉक्टरबाई पण हसल्या नाहीत. त्या धावत वर आल्या, माझा गुडघा दाबून बघितला, आणि मग माझ्याकडे न बघता विंगेच्या कडेला ठेवलेल्या बुटांकडे बघितलं.

"काका, घरी बूट घालता ना तुम्ही?"

मी उत्तर तयार करत होतो. बायको खालूनच म्हणाली, "घरात? बूट? देवघर आहे आमच्याकडे!"

"मग घरात कसे चालता?"

"विचारू नका. पिठाचा डबा बघायला या एकदा."

मग सगळं निघालं. पिठाचा डबा, मोरीचा उंबरठा, तीन महिन्यांची वही. फळ्यांवर बसल्या बसल्या, पावडर लावलेल्या तोंडाने, मी कबुलीजबाब दिला. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसासमोर मला अभिनय जमतो. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचे आकडे मी सगळ्यांना दाखवत होते, काका. हा पाय आणखी लोकांना द्यायचा म्हणते आहे मी. उद्या दुसरं कोणी मोरीत पडलं असतं तर?"

मी धोतराच्या सोग्याने तोंडावरची पावडर पुसायला लागलो.

मग त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी! दादरला घरात कोणी बूट घालून आलं तर आई पाणी सुद्धा विचारणार नाही. एकालाही बूट काढून चालायला सांगितलं नाही मी. एकालाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्यांना फोन केले. कोणी घरात गुडघ्यांवर सरकत होतं. माझगावच्या एक आजी बूट धुऊन, पुसून, स्वयंपाकघरात घालत होत्या आणि सुनेशी भांडत होत्या. वहीत सगळ्यांचं झकास चाललं होतं. पाय जाईल ही भीती सगळ्यांनाच. फरक एवढाच की बाकीचे गप्प राहिले होते आणि मी वर दरबारी चालही दाखवली होती.

नियम तो नियम. माझी वही बाद झाली आणि नवा पाय मी स्वतः परळला नेऊन दिला. परत आलो ते कुबड्यांवर; जिने मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.

बायकोने माळ्यावरून जुन्या साडीत गुंडाळलेला रबरी पाय काढला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "हा तरी घरात पाडत नाही."

मी दिग्दर्शकाकडे गेलो, म्हटलं दुसरं भूत बघ. त्याने मला विंगेतून एकदा अनवाणी चालून यायला सांगितलं. लाकडी फळ्यांवर उजवं पाऊल नि:शब्द पडे आणि डावं, रबराच्या आतल्या लाकडी ठोकळ्यासकट, ठक्. मग शांतता. मग पुन्हा, ठक्.

त्याने तंबाखू थुंकली. "हा आवाज ठेव. एकदम बरोबर आहे. आणि चाल सुधारायला जाऊ नकोस, मेल्या."

प्रयोगाला पहिल्या प्रवेशात मी दिसायच्या आधी आवाज आला. ठक्. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याचा दंड पकडला, मला विंगेतून दिसलं. कॅमेऱ्यांनी कधी कोणाचा दंड पकडला नव्हता. तिन्ही प्रवेश मी रोज चालतो तसाच चाललो. डॉक्टरबाई शेवटपर्यंत थांबल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "ही चाल मला आधी हवी होती."

आता त्यांचं काम नव्याने सुरू झालं आहे. टाचेची उंची घरच्या घरी बदलता येईल असा पाय करतायत. परळच्या त्या खोलीबाहेर चपलांची मांडणी आली आहे, आत पाट, उंबरठा आणि मोरीसारखा ओला कोपरा आहे. मलाही परत घेतलं आहे, खास पडणारा माणूस म्हणून. एका अटीवर. वही मी लिहायची नाही, बायकोने लिहायची. तिला रकाने पुरत नाहीत, समासातही लिहिते. कालची नोंद मी चोरून वाचली:

"आज दोनदा अडखळले. एकदा उंबरठ्यावर, खरोखर. एकदा चहा हवा होता म्हणून."