साडेपाचच्या गाडीची पोरं

आमच्या गावच्या नाना कंडक्टरांनी कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती, पण शिंदखेडा-धुळे रस्त्यावरच्या प्रत्येक कॉलेजबद्दल त्यांचं ठाम मत होतं. ते त्यांनी एसटीत उभ्या उभ्या बनवलेलं. हातात तिकिटाचं मशीन, पाठ खांबाला, आणि पोरं चढू लागली की तिकिटं देता देता नाना त्यांचे चेहरे बघत. "कालेजनी बिल्डिंग नका दखू, मास्तर. पोरे कोनती गाडीवर घर जातस, ते दखा," असं ते मला म्हणत.

रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीतल्या खासगी कॉलेजची पोरं दोनच्या गाडीला येत आणि खिडकीला डोकं टेकून झोपत. धुळ्याच्या सरकारी तंत्रनिकेतनातली साडेपाचची गाडी धावत पकडत. कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या गालावर नाटकाचा रंग, आणि गलका एवढा की ड्रायव्हर मागे वळून ओरडे. नाना मात्र खूश.

मी प्राथमिक शिक्षक. दुसऱ्यांच्या पोरांना धीर देण्याचा पगार घेतो, पण स्वतःच्या पोरीच्या वेळी माझाच धीर सुटला. वैशालीला दहावीत एकाहत्तर टक्के. आजकाल एवढ्यावर पेढे वाटायचीही चोरी. ती हुशार नव्हती, ढ तर मुळीच नव्हती, फक्त बोलत नसे. शाळेतून आली की दप्तर टाकून खोलीत. कधी एखादी मैत्रीण घरी आली नाही. पोरगी अशीच मुकी राहते की काय, ही काळजी मला टक्क्यांपेक्षा जास्त खात होती. आणि तरीही डिप्लोमाच्या अर्जात पहिल्या पसंतीला मी ते काचेचं कॉलेज टाकलं, सरकारी दुसऱ्या! हमखास मिळेल, घरून ये-जा होईल, पोर नजरेसमोर राहील.

अर्ज पक्का करायचा शेवटचा दिवस होता. वैशालीला घेऊन मी शिंदखेड्याच्या सायबर कॅफेकडे निघालो होतो. गाडीत नानांना मोठ्या शहाणपणाने माझी युक्ती सांगितली. त्यांनी मशीन खाली केलं.

"पहिली पसंती लागनी ते घेनंच पडस, मास्तर! मंग दुसरं भेटत नही. जे भेटी ते वर नका लिखू, जे जोयजे ते लिखा."

मी विचारलं, "पण नाना, सरकारी नाही मिळालं तर?"

"मन्हा किशोरले मीच घरजोडेना कालेजमा टाकं," घराजवळच्या कॉलेजात घातलेल्या आपल्या पोराबद्दल नाना हळू आवाजात म्हणाले. "बी.एस्सी. व्हयना. पन त्याले एक बी दोस्त नही." मग ते वैशालीकडे वळले. "पोरी, तुले काय जोयजे?"

"माले होस्टेलमा ऱ्हावानं शे, नाना," ती लगेच म्हणाली.

घरात आम्ही पुस्तकी मराठी बोलतो. पोरीला अहिराणी इतकी सरळ येते आणि मनातलं ती बापाआधी कंडक्टरला सांगते, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, पण कॅफेत जाऊन यादी उलटी केली.

पहिल्या फेरीत सरकारी लागलंच नाही, दुसऱ्या पसंतीचं काचेचं कॉलेज लागलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं बायको म्हणू लागली. माझी रक्तदाबाची गोळी एकाची दीड झाली. नाना रोज तेवढंच म्हणत, "आजून एक फेरी शे." पोरीचं वर्ष वाया गेलं तर या माणसाचं तोंड पाहणार नाही, असंही मी एकदा मनात म्हणालो. दुसऱ्या फेरीत सरकारी लागलं. पाठोपाठ हॉस्टेलही मिळालं, आणि मी नव्याने काळजी करू लागलो.

पहिली सेमिस्टर संपायच्या आत नाना गेले. ड्यूटीवरून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. वैशालीला फोन केला तर पलीकडून नुसतं रडणं. पोर एवढं दुःख घेऊन एकटी एसटीत कशी बसेल, या धास्तीने मी तासभर आधीच फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

गाडी आली. वैशाली उतरली. तिच्यामागून चार मुली उतरल्या. एकीच्या हातात तिची पिशवी, एकीने तिचा दंड धरलेला. चौघींनी मला नमस्कार केला, "काका, तुम्ही या सावकाश," म्हणाल्या आणि तिला मध्ये घेऊन, नानांच्या घराची वाट तिलाच विचारत निघाल्या. मी मागून चालत राहिलो. नानांसाठी डोळे भरून येत होतेच. पण खरं सांगतो, त्या दिवशी पोरीची काळजी पहिल्यांदा उतरली, आणि नेमकं त्याच दिवशी हलकं वाटतंय याची मला फार लाज वाटली.