उलटा झाडू

परवा मलकापुरात घरी ओल्या धुळीचा वास आला. बायको पाणी शिंपडून झाडत होती. तेवढ्यात पुण्याहून चुलतभाऊ फ्रान्सिसचा फोन आला. आपला मूळपुरुष स्पेनचा, तो पोर्तुगीजांच्या गोव्यात आला आणि बहुधा यहुदीपण लपवून ख्रिस्ती म्हणून जगला, असं तो उत्साहानं सांगत होता. "अशा घरांत दारापासून आत झाडायचे म्हणे, उंबऱ्याचा मान म्हणून. आपल्यात कोणी झाडायचं का रे तसं?"

रोझा आत्या झाडायची.

मी लहान असताना एका संध्याकाळी तिनं शिंदीच्या झाडूनं दारापासून झाडत कचरा खोलीच्या मधोमध आणला होता. शेजारीण दारातून हसली, "काऊन वं रोझाबाई, कचरा घरात घेऊन राह्यली?"

काका, म्हणजे फ्रान्सिसचे वडील, खाटेवरून उठले. त्यांनी झाडू हिसकला. "लोक येडी म्हणून राह्यले तुले!"

"आपल्यात उंबऱ्यावरून कचरा नेत नाईत, दादा."

"आपल्यात म्हंजे कोनात वं?"

"मले काय माईत? माय असंच झाडे."

काकांनी झाडूची मूठ तिच्या पाठीत हाणली आणि तो ढीग पायानं बाहेर लोटला. आत्या रडली नाही. तिनं पदरानं उंबरा पुसला. पुढे मरेपर्यंत ती चारचौघींसारखी बाहेर झाडत राहिली. आपण काय सोडलं, हे तिला कधीच कळलं नाही.

"कोणी झाडायचं का?" फ्रान्सिसनं पुन्हा विचारलं. "पुरावा होईल."

"रोझा आत्या झाडायची," मी म्हणालो. "तुझ्या बापानं मारून बंद केलं. पुराव्यात हेही लिही."