झेनोनासच्या फांद्या

नदीच्या मुखाशी आमची राखीव पाणथळ आहे. झेनोनास तिचा रखवालदार. पाणी गोठलं की तो पहारीने भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायचा आणि पलीकडच्या वस्तीपर्यंत नाताळच्या झाडाच्या फांद्या रोवत जायचा. फांद्या उभ्या आहेत तोवर वाट चालायची. त्याने उपटल्या की कोणी पाऊल टाकायचं नाही. तीस वर्षांत त्याच्या वाटेवर कोणी बुडालं नाही.

त्या वर्षी मार्च लागताच दक्षिणेचा वारा सुटला. बर्फावर पाणी साचलं. चालता येत नाही, होडीही लोटता येत नाही, अशा दिवसांना आमच्याकडे शाकतार्पिस म्हणतात. नेमका तेव्हाच पलीकडून फोन आला : झेनोनासची थोरली बहीण स्तेफानिया जायला टेकली आहे, फादरना पाठवा.

फादर मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन काठावर आले. आम्ही गावातल्या बायका होतोच. झेनोनास फांद्या उपटत अलीकडे येत होता.

"अहो, फादर जाऊन येईपर्यंत तरी ठेवायच्या!" मी म्हणाले.

"वहिनी, वरून जाड दिसतोय. आतून भिजलेल्या पावासारखा झालाय."

"मी हलकाच आहे रे," फादर म्हणाले. "उपासाचे दिवस चाललेत."

"तुमचे उपास मी ताटावर पाहिलेत, फादर," झेनोनास म्हणाला. हसलं कोणीच नाही.

मला राहवेना. "सख्खी बहीण तुमची! देवाला काय सांगाल?"

त्याने फांद्यांची मोळी खाली ठेवली. "सांगेन, फादरना जिवंत ठेवलं."

फादरनी काठावरूनच प्रार्थना म्हटली. पावसात झेनोनास टोपी काढून उभा होता. तिसऱ्या दिवशी स्तेफानिया तेलाविना गेली. बर्फाने फादरना पेललं असतं का, हे आता कोणालाच कळणार नाही.

सहाव्या दिवशी बर्फ फुटला. तुकड्यांतून होडी काढत त्याने शवपेटी अलीकडे आणली. कबरस्तानापर्यंत रस्त्यावर हिरव्या फांद्या अंथरायची आमची रीत. झेनोनास तीच मोळी घेऊन आला, बर्फात रोवायला टोकं तासलेली. मी हात लावायला वाकले.

"राहू द्या, वहिनी. ही वाट मीच घालतो."

मी मागे सरले. तो एकेक फांदी ठेवत पुढे गेला, आणि आम्ही तिला घेऊन मागून.