बटाट्याची रातची वैरण

देवाकडे मागणं आमच्यात बसत नाही. लहानपणापासून मी हेच ऐकत आले की भगवंत वीतराग आहेत, ते कोणावर रागावत नाहीत आणि कोणाला काही देतही नाहीत. आपण त्यांच्यासमोर बसायचं, ते त्यांच्यासारखं थोडं तरी होता येतंय का हे बघायला. शेजारच्या बायका अंबाबाईची ओटी भरून, नवस बोलून परत आल्या की मला जरा गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. त्यांना गाऱ्हाणं सांगायला जागा होती. गेल्या भाद्रपदात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी आमच्या बस्तीत, म्हणजे गल्लीतल्या जिनमंदिरात, पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर बसून पहिल्यांदा काही विचारलं. तेही एका गिनीपिगसाठी. त्याचं काय झालं ते जसं घडलं तसं लिहून ठेवते.

हा गिनीपिग माझ्या नातीचा, श्रुतीचा. मुलाची बदली बंगळूरला झाली आणि तिथल्या इमारतीत जनावर पाळायला मनाई निघाली, तेव्हा चैत्रात पिंजऱ्यासकट तो आमच्याकडे आला. त्याचं नाव बटाटा. रंगाने तपकिरी आणि अंगाने गोल, म्हणून तिने ठेवलेलं. आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच शिजत नाही. लग्न होऊन आल्यापासून मी तो नेम मोडलेला नाही. त्यामुळे आमच्या ह्यांना फार आनंद झाला. शेवटी या घरात बटाटा आला, असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले. मी दोन दिवस त्याला ‘बाळ’ म्हणून हाक मारली, तो ढिम्म हलला नाही. तिसऱ्या दिवशी हळूच ‘बटाट्या’ म्हटलं तर शीळ घातल्यासारखा ओरडत जाळीपाशी आला. मग काय, रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्याने मी बटाट्याच्या नावाने हाका मारू लागले.

तो साडेसहा वर्षांचा. त्याच्या जातीत हे वय माझ्या वयापेक्षा जास्तच भरतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ही तरुण मुलगी कुत्र्या-मांजरांबरोबर असले छोटे जीवही बघते. तिने त्याच्या दुखण्यांची यादी सांगितली तेव्हा मला माझीच फाईल वाचल्यासारखं वाटलं. मागच्या गुडघ्यांना संधिवात, मूत्राशयात वाळूसारखे बारीक खडे, आणि दाढा अशा वाढायच्या की दर महिन्याला घासून घ्याव्या लागत. यातलं काही बरं होणारं नव्हतं, फक्त सांभाळायचं होतं. सकाळी स्टीलच्या वाडग्यात बसवून स्वयंपाकाच्या काट्यावर त्याचं वजन करायचं, गुडघ्यांचं औषध सुईशिवायच्या पिचकारीने तोंडात थेंबथेंब सोडायचं, ढबू मिरचीचे काप द्यायचे. त्याचं औषध झालं की मी माझी गोळी घ्यायची. जीव पिंजऱ्यात ठेवणं मला पटत नव्हतं, पण पाहता पाहता मला त्याचं कुतूहल वाटू लागलं. तो आपलीच मऊ लेंडी परत खातो हे दिसलं तेव्हा मी दोन दिवस तिकडे बघितलं नाही. ते त्याचं दुसरं जेवण आहे, त्याशिवाय त्याला अन्नातलं सत्त्व मिळत नाही, असं डॉक्टरीणबाईंकडून कळल्यावर मात्र खुर्ची ओढून बघत बसले. या वयात नवीन काही शिकायला मिळालं याचा आनंदच झाला.

आषाढापासून मात्र त्याच्या सकाळी बिघडू लागल्या. पाहावं तेव्हा कोपऱ्यात पोक काढून, केस फुलवून बसलेला. पोट टम्म, लेंड्या मोजक्या आणि बारीक. दुपारपर्यंत जरा हुशार व्हायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलून पाहिली. गवत भरपूर मिळतं ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज टोपलीभर. ते खोटं नव्हतं. ओलं वेगळं, वाळलेलं वेगळं, निवडून घालत होते. वहीत वजन लिहीत होते. नऊशे ग्रॅमचा बटाटा श्रावण संपेपर्यंत आठशेवर आला आणि आमच्यापैकी कोणालाच कारण सापडेना.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस, रोज एक धर्म. मी एकदाच जेवते, हिरवी भाजी बंद असते. बटाट्याला मात्र मी हिरव्याची सूट दिली होती आणि आपण किती समजूतदार आहोत असं मनातल्या मनात वाटूनही घेतलं होतं. सातवा दिवस तपाचा. त्या दिवशी बटाट्याने तोंडाला काही लावलं नाही. ढबू मिरची नाही, काकडी नाही, कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, गवताच्या भुकटीची पेज कशी भरवायची ते दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं की या प्राण्याचं पोट थांबलं की जीव थांबतो, उद्यापर्यंत खायला लागला नाही तर अवघड आहे. दर तीन तासांनी भरवा म्हणाल्या. मी भरवलं. निम्मं त्याने बाहेर काढलं.

हे माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, की त्याने अन्न सोडलं असेल, तपाच्या दिवशीच सोडलं, पुण्यवान जीव आहे, णमोकार मंत्र ऐकव आणि शांतपणे जाऊ दे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे हे बोलणं हलकं नाही. माझ्या सासूबाईंनी शेवटी समजून उमजून अन्न सोडलं होतं. त्यांच्या उशाशी मी होते, त्या चेहऱ्यावरची शांती मी पाहिली आहे. त्यामुळे ह्यांचं बोलणं मनात रुतून बसलं. बटाटा तसाच जायला निघाला असेल तर मी पिचकारी खुपसून त्याचं मरण बिघडवत होते. आणि तसं नसेल तर जप करत त्याला उपाशी मारणार होते. श्रुतीला मी दिवाळीपर्यंत सांभाळते म्हणून शब्द दिला होता. तिला काय सांगायचं याच्या आधी मला स्वतःला काय सांगायचं, हेच कळेना.

आठव्या दिवशी सकाळी अभिषेक झाला. बायका उठून गेल्या तरी मी बसून राहिले. मूर्तीकडे पाहिलं आणि ओठ न हलवता विचारलं, हे त्याचं व्रत आहे की माझी चूक? मागितलं काही नाही, एवढंच विचारलं. पण ज्याने उत्तर द्यायचं नसतं त्याला प्रश्न तरी का विचारावा, याची मलाच लाज वाटली. घाईने घरी आले, बटाट्याला फडक्यात गुंडाळून भाजीच्या टोपलीत ठेवलं आणि रिक्षा केली.

दवाखान्यात बाकावर माझ्याशेजारी एक म्हातारबाबा बसले होते. खांद्यावर टॉवेल, पायाशी कान फाटलेलं काळं कुत्रं. राधानगरीकडचे. लेकीकडे आले होते आणि कुत्रं लेकीचं होतं. नेहमीचा दवाखाना बंद निघाला म्हणून विचारत विचारत इथे पोचले, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. मग माझ्या टोपलीत डोकावून बराच वेळ बघत राहिले. उंदीर न्हाय, ससा न्हाय, मग हाय काय ह्ये, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. परवानगी न घेता त्यांनी हात आत घातला आणि दोन बोटांनी बटाट्याचं पोट चाचपलं. माझ्याही हाताला चावणारा बटाटा गप्प पडून राहिला.

“घरात चार म्हशी हायत, म्हून कळतंय,” ते म्हणाले. “प्वाटात वारा धरलाय. राच्याला काय टाकता ह्येला?”

मी म्हटलं, “रात्री काही नाही. सूर्यास्तानंतर आमच्याकडे कोणी खात नाही.”

हे मी इतक्या सहज म्हटलं की म्हणताना काही वाटलं नाही. आमच्या घरात दिवेलागणीच्या आत चूल थंड होते, आम्ही चूळ भरतो, ताटं पालथी पडतात. पाहुणाही त्यानंतर उपाशी झोपतो आणि रागावत नाही. बटाटा आला त्या दिवसापासून मी संध्याकाळी त्याच्यापुढचं उरलेलं गवत काढून घेत होते. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. माझ्या घरात आलेल्या जिवाला तेवढंच पुण्य लागावं असं वाटायचं. आदल्या दिवशी दर तीन तासांनी भरवा म्हटल्यावरही मी हिशोब केला तो सूर्यास्तापर्यंतचाच.

म्हातारबाबा हसले नाहीत. मला त्याचं फार बरं वाटलं. कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “तुमचं खरं हाय वो आक्का. नेम तुमचा हाय. त्येनं कुठं नेम धरलाय?” आणि जरा थांबून, “आमच्यात रातची वैरण टाकल्याबिगर घरातलं कोण ताटावर बसत न्हाय. जनावर रातभर खातंय, तवा त्येचं प्वाट चालतंय.”

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. ते गेले आणि मी टोपली मांडीवर घेऊन बसून राहिले. तासाभरापूर्वी मूर्तीसमोर जे मी मनातल्या मनात विचारलं होतं, ते या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी तर उलट मलाच प्रश्न विचारला होता. पण उत्तर नेमकं त्याच जागी येऊन पडलं होतं. ते बाहेर आले तेव्हा मला उठून दोन शब्द बोलायचे होते, पण टोपली खाली ठेवेपर्यंत कुत्र्याने त्यांना दारातून ओढत नेलं. नावही विचारायचं राहिलं.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “काकू, हे आधी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. माणूस आपण श्वास घेतो हे डॉक्टरला सांगतो का? म्हाताऱ्या पोटाला रोज बारा तासांची सुट्टी मिळत होती, म्हणून सकाळी ते सुरू होत नव्हतं, असं त्यांनी समजावलं. पुन्हा एक सुई दिली.

त्या संध्याकाळी चूळ भरून झाल्यावर मी गवताची जुडी हातात घेतली. हात अडला. पन्नास वर्षांची सवय मनगटात बसलेली असते, तिला कारणं कळत नाहीत. हे दारात उभे होते. त्यांनी दिव्याभोवती किडे येतात म्हणून दिवा बंद केला. मी अंधुक उजेडात पिंजऱ्याचं दार उघडलं, गवत ठेवलं आणि शेजारी बसून णमोकार म्हणू लागले. कितव्या आवर्तनाला ते आठवत नाही, पण आतून बारीक करकर ऐकू आली. मग थांबली. मग पुन्हा सुरू झाली. मी मंत्र म्हणायचा थांबवला आणि नुसतं ऐकत बसले. सकाळी पूजेची थाळी तशीच ठेवून मी आधी लेंड्या मोजल्या. सत्तावीस भरल्या. हे मी बस्तीतल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

बटाटा काही तरुण झालेला नाही. दाढा वाढतात, गुडघे दुखतात, लघवीला बसला की कण्हतो. एक दिवस तो जाईलच आणि बहुधा तो दिवस फार दूर नाही. पण सकाळची ती केस फुलवून बसण्याची अवस्था गेली. श्रुती दिवाळीत येऊन त्याला मांडीवर घेऊन बसली, माझा शब्द राहिला.

आमच्यात अशा येणाऱ्या माणसाला निमित्त म्हणतात. कार्य आपल्यातच व्हायचं असतं, निमित्त फक्त समोर येऊन उभं राहतं, असं शास्त्र ऐकलं आहे. ते येतं की पाठवलं जातं, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. त्या दिवशी एक दवाखाना बंद होता, एका कुत्र्याचा कान फाटला होता आणि मी एक प्रश्न विचारला होता, एवढंच मला खात्रीने सांगता येतं. आठवा दिवस त्यागाचा होता हे मला घरी आल्यावर आठवलं. आजवर मी पदार्थ सोडत आले, ते सोपं होतं. आपलं पुण्य दुसऱ्याच्या पोटावर लादायचं सोडताना जितकं जड गेलं तितकं आधी कधी गेलं नव्हतं.

पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी आम्ही लहानथोर सगळ्यांपुढे हात जोडतो, कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतो, आणि शेवटी जगातल्या सर्व जीवांची क्षमा मागतो. हे सर्व जीव कोण, याचा मी कधी विचार केला नव्हता. म्हणायला सोपं होतं, कारण त्यात चेहरा कोणाचाच नव्हता. या वेळी सगळ्यांना फोन करून झाले, ह्यांच्या पायाशी वाकून झालं आणि मग दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत मी पिंजऱ्यासमोर खाली बसले. दिवस मावळत होता. आधी आतलं गवत भरून घेतलं, मग हात जोडले आणि म्हटलं, बटाट्या, माझं चुकलं. त्याने मान वर केली नाही. तो खात होता.